कोटणीसांच्या घरी आलेली सून

दिवाळीत नातू चार दिवस राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात असतो. फराळ झाला, मित्रांकडे जाऊन झालं, आणि एका दुपारी कंटाळून म्हणाला, "आजी, तुझ्या आवडीचा एखादा जुना सिनेमा लावू या. बघू तरी काय असतं त्यात." मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "डॉ. कोटणीस की अमर कहानी." त्याने इंटरनेटवर शोधून तो टीव्हीला जोडला. सुरू करण्यापूर्वी विचारलं, "गोष्ट काय आहे?"

मी सांगितलं, "सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनला गेला, लढाईत जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर उपचार करायला. तिथेच वारला."

नातू थबकला. "चिनी सैन्यावर? आजी, गलवानमध्ये आपले २० जवान गेले. आणि आपण हे बघायचं?"

जून २०२० मध्ये तो शाळेत होता. गलवानच्या बातमीनंतर त्याने आणि त्याच्या वर्गमित्रांनी मोबाईलमधली चिनी ॲप काढून टाकली होती. सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली ती नंतर, ह्यांची बंदी आधीच लागू झाली होती! तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. त्यामुळे आता त्याला गप्प कर असंही म्हणता येईना. मी एवढंच म्हटलं, "तू बघ तर खरं. मग बोलू."

ते बोलणं नीट झालंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पुण्याची बस होती. चौतीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण घरातल्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लिहायला बसावं लागतंय. तर मंडळी, हे त्याच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.

आधी खरी हकिकत. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव, आणि चळवळीचंही. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर असं पेटलं की सरकारला तिथे मार्शल लॉ पुकारावा लागला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. कोटणीस तेव्हा विशीत होते. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर पूर्ण ताकदीने चढाई केली. त्या डिसेंबरात नानजिंग पडलं आणि तिथे जे घडलं ते वाचवत नाही. आठ वर्षं चाललेल्या त्या युद्धात दीड-दोन कोटी चिनी माणसं मेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. चीनचे सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी लोकांना आवाहन केलं, निधी जमवला. २२ हजार रुपये जमले. आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता हे लक्षात घ्या. ज्याच्या स्वतःच्या घराला कुलूप दुसऱ्याचं, तो शेजाऱ्याच्या घरची आग विझवायला निघाला होता.

पाचांपैकी चौघे पुढेमागे परत आले. कोटणीस राहिले. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना कळली, तरी ते काम सोडून परतले नाहीत. ते चिनी भाषा बोलायला शिकले, लिहायला शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. १९४० च्या एका लांबलेल्या लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेवर जखमींवर उपचार केले असं सांगतात. नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे एक सर्जन तिथे आधी काम करत होते. ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष पसरून ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाने जे इस्पितळ झालं त्याचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांना नेमलं. तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान ह्या तरुणीशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघं ३२.

बंगालचे डॉ. बसू परतल्यावर त्यांच्याकडून ऐकलेल्या हकिकतींवरून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. पाच गेले आणि एक आला नाही, असा त्या पुस्तकाच्या नावाचाच सूर आहे. त्यावरून अब्बास आणि व. प. साठे यांनी पटकथा केली आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये सिनेमा काढला. 'प्रभात' सोडून त्यांनी 'राजकमल' काढली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. कोटणीसांचं काम त्यांनी स्वतःच केलं, आणि चिंग लान झाली जयश्री. संगीत वसंत देसाईंचं.

युद्धाच्या दिवसांत कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण होतं आणि युद्धकार्याला पोषक असे चित्रपट काढा असा निर्मात्यांवर दाब होता. जपान तर ब्रिटिशांचाही शत्रू. म्हणजे जपानच्या अत्याचाराची गोष्ट सांगायला सरकारची ना नव्हती, आणि काँग्रेसने पाठवलेला देशभक्त डॉक्टर नायक म्हणून दाखवता आला म्हणून लोकही खूश. शांतारामबापूंच्या हिशोबीपणाचं मला नेहमी नवल वाटत आलंय.

पण १९४६ साल उजाडेपर्यंत सगळंच बदललं होतं. ज्या सुभाषबाबूंनी जपानशी लढणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवले, त्यांनीच पुढे जपानची मदत घेऊन आझाद हिंद सेना उभी केली. दिल्लीत लाल किल्ल्यात त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले तेव्हा सारा देश त्यांच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे एकाच वर्षी लोक रस्त्यावर आझाद हिंद सेनेचा जयजयकार करत होते आणि टॉकीजमध्ये जपान्यांच्या क्रौर्यावर दात-ओठ खात होते. आणि ज्या घरांतली मुलं ब्रिटिशांच्या फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशात त्याच जपान्यांशी लढायला गेली होती, ती घरं कुठल्या बाजूला होती? असं एक घर माझ्या आजोळचं होतं. त्याच्याकडे मी येतेच.

सिनेमा पाहताना नातू पहिला अर्धा तास हसत होता. चिनी माणसं हिंदी बोलतात, भुवयांना रंग लावून आपलेच नट चिनी झालेत, नायक-नायिकेची लाडीगोडी चाललीय. त्याचं हसणं मला मान्य आहे. जपानी सैनिक तर नाटकातल्या राक्षसासारखे दाखवलेत. शिवाय इतिहासाची मोडतोड आहेच. सिनेमातले कोटणीस साथीच्या रोगावर इलाज शोधताना स्वतःवरच प्रयोग करतात आणि तो रोगच त्यांना नेतो. प्रत्यक्षात त्यांना अपस्मार होता, आणि अतिश्रमाने तो बळावला असावा. सिनेमात त्यांना जपानी पकडतात आणि ते निसटतात. असं काहीतरी घातल्याशिवाय त्या काळी प्रेक्षकाला चैन पडत नसावं.

मग ह्याला युद्धविरोधी सिनेमा म्हणावं का? युद्धविरोधी सिनेमा म्हटला की जाणकार १९३० च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'चं नाव घेतात. रेमार्कच्या कादंबरीवरचा. त्यात एक जर्मन पोरगा खड्ड्यात सापडलेल्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मग रात्रभर त्या मरणाऱ्या माणसाशेजारी बसून त्याची क्षमा मागतो. बर्लिनमध्ये तो सिनेमा लागला तेव्हा नाझींनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाचे बॉम्ब फोडले आणि शेवटी बंदी आणायला लावली. शत्रूही आपल्यासारखाच कुणाचा तरी मुलगा आहे, एवढं सांगणंही त्यांना सहन झालं नाही.

शांतारामांच्या सिनेमात असा खड्डा नाही. जपानी सैनिकालाही आई असेल हे त्यात कुठेच येत नाही. ज्या माणसाने १९४१ साली 'शेजारी'मध्ये हिंदू-मुसलमान मैत्री इतक्या जिव्हाळ्याने दाखवली, त्याला हे सुचलं नसेल असं नाही. पण १९४६ साली ते दाखवणं अवघड होतं. तेव्हा ह्या कसोटीवर घासला तर हा सिनेमा काठावर पास होईल. वर्गात मी त्याला पस्तीस मार्क दिले असते.

तरीही तो शेवटाकडे आला की माणूस हेलावतो. आमचा नातूही हसायचा थांबला होता. का, ते सांगते.

मरणाच्या दारात असलेला डॉक्टर आपल्या चिनी बायकोला स्वतःच्या घराचं वर्णन करून सांगतो. तू आमच्याकडे जाशील तेव्हा काय काय दिसेल, कोण कसं भेटेल. आणि त्याच्या आवाजात ते ऐकता ऐकताच आपल्याला दिसतं की ती खरोखरच तान्ह्या मुलाला घेऊन सोलापूरच्या त्या घरी आली आहे. तो नाही, पण त्याचा आवाज आहे. तिने हे घर कधी पाहिलेलं नाही, तरी तिला ते ओळखीचं आहे. बस्स, एवढंच. ना बंदुका, ना बॉम्ब.

हा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तो १९८६-८७ च्या सुमारास, आमच्या सिडकोतल्या घरी. गावाला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. रविवारी दूरदर्शनवर जुना सिनेमा असायचा आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर शेजारपाजारची दहाबारा माणसं सतरंजीवर बसायची. माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती. आईचं माहेर सोलापूर. तिने हा सिनेमा तो नवा असताना, पंधरा वर्षांची असताना सोलापुरातच पाहिला होता. शेवट आला आणि आई पदराने डोळे पुसू लागली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हे खोटं आहे गं. ती तेव्हा आलीच नव्हती. सोलापुरात सगळ्यांना माहीत होतं."

मी म्हटलं, "मग रडतेस कशाला?"

आई म्हणाली, "आमच्याकडे खोटंसुद्धा कुणी आलं नाही."

शेजारची मंडळी बसली होती म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. रात्री भांडी घासताना तिने आपणहून सांगितलं.

आईचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, सोलापूरच्या गिरणीत बदलीवर होता. बदली कामगाराचं कसं, कुणी कामावर आला नाही तर ह्याला काम, नाहीतर फाटकावरूनच परत. घरात तीन बहिणी. १९४१ मध्ये फौजेची भरती चालू होती, पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर. मामा गेला. वैद्यकीय पथकात त्याला जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणायचं काम मिळालं. दुसऱ्या महायुद्धात भारताचे २५ लाख सैनिक होते. सक्तीची भरती नव्हती म्हणून त्यांना स्वयंसेवक म्हणतात. त्यातले किती जण मामासारखे गिरणीच्या फाटकावरून परत फिरून गेले असतील? त्यांपैकी सुमारे ८७ हजार परत आलेच नाहीत.

मामाची पत्रं काही दिवस आली. शेवटचं १९४३ च्या सुरुवातीचं, आराकानच्या बाजूचं. मग मनीऑर्डर थांबली. मग सरकारी कागद आला. त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. आजीने विचारलं, "बेपत्ता म्हणजे पत्ता हरवला ना? मग तो सापडेल की." मास्तरांना काय बोलावं सुचेना. पुढे कितीतरी वर्षं आजी पोस्टमन दिसला की ओट्यावर येऊन उभी राहायची.

कोटणीसांचा सिनेमा लागला तेव्हा सगळं सोलापूर लोटलं होतं. गावचा मुलगा पडद्यावर! आजी कधी सिनेमाला न जाणारी, तिलाही बायकांनी ओढून नेलं. आई सांगायची, लढाईच्या वेळी आजीने डोळे मिटून घेतले होते. डॉक्टर मरतो तेव्हा सगळ्या बायका रडल्या, आजी रडली नाही. पण ती चिनी सून मुलाला घेऊन दारात आली तेव्हा आजी उठून उभीच राहिली. मागचे लोक ओरडले, "खाली बसा, खाली बसा." त्या आठवड्यात आजी तीनदा तो सिनेमा पाहून आली. पैसे कुठून आणले ते आईला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वेळी आईने विचारलं तर म्हणाली, "मला शेवटचंच तेवढं बघायचं असतं."

मंडळी, युद्धाचा इतिहास मी वर्षानुवर्षं शिकवला. कारणे, प्रमुख घटना, परिणाम. परिणामांत मुलं लिहायची, 'प्रचंड जीवितहानी व वित्तहानी झाली.' मीही त्याला एक मार्क द्यायचे. माझ्या आजीला जे झालं ते जीवितहानीतही बसत नाही आणि वित्तहानीतही. मुलगा मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. त्याच्याबरोबर कोण होतं, शेवटी तो काय म्हणाला, पाणी मिळालं का, हे सांगायला कुणी दारात आलं नाही. सिनेमातल्या कोटणीसांच्या घरी निदान कुणी तरी येतं. त्याच्या आवाजातले शब्द घेऊन येतं, त्याचं मूल घेऊन येतं. आजीला त्यातच आपल्या मुलाची खबर मिळत असावी. शांतारामांनी हा प्रसंग रचला तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण दाराकडे डोळे लावून बसलेल्या कितीतरी घरांना त्यांनी नकळत एक पाहुणी पाठवली एवढं खरं.

म्हणून तो शेवट घडलेला नसूनही मी त्याला खोटा म्हणायला कचरते. आणि तो प्रत्यक्षात कसा घडला हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर इतिहासाच्या बाईंनी काय केलं? १९४६ मध्ये छिंगलान चीनमध्येच होती. तिथे तर एक युद्ध संपून दुसरं, आपसातलं युद्ध पेटलं होतं. ती भारतात आली, सासरच्या माणसांना भेटली, एकदा नव्हे अनेकदा आली, पण ते सगळं पुष्कळ वर्षांनी. मधल्या काळात तिने दुसरं लग्न केलं, संसार केला. यिनहुआ वाढला, वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला निघाला आणि शिक्षण पुरं होत आलं असताना १९६७ मध्ये वारला. अवघा २४ वर्षांचा. छिंगलान २०१२ मध्ये गेली, नव्वदी ओलांडून. सिनेमा एका सुखदुःखाच्या क्षणी थांबतो. माणसाला मात्र त्यानंतरची सत्तर वर्षं जगायची असतात.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते.

१९६२ साली मी अकरा वर्षांची होते. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. लडाख आणि नेफा ही नावं आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकली. शाळेत प्रार्थनेनंतर रोज बातम्या सांगायचे. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणू लागला. बायका संरक्षण निधीला दागिने देत होत्या. आईच्या हातात चारच बांगड्या होत्या सोन्याच्या, त्यांतल्या दोन तिने दिल्या. वडील म्हणाले, "एक दिली असतीस तरी चाललं असतं." ती म्हणाली, "एक कशी देणार? दुसरी एकटी वाजते का?"

आमच्या वर्गात एका मुलाने कोटणीसांचं नाव काढलं तर दुसऱ्याने त्याला चिन्यांचा पिट्टू म्हटलं. मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, बांगड्या देऊन आलेली आई म्हणेल, बरोबर बोलला तो. पण आईने मला समोर बसवलं आणि सोलापूरच्या डॉक्टरची आणि त्याच्या चिनी बायकोची सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, "देशाशी भांडण आहे. त्या बाईशी आपलं काय भांडण?"

हीच आई १९४८ च्या सप्टेंबरात, अजून माहेरी असताना, सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याला लागलेल्या फौजेच्या गाड्या बघायला वेशीवर गेली होती. निजामाचं राज्य जाणार म्हणून लोक सैनिकांना भाकरी, भुईमुगाच्या शेंगा देत होते. पोलीस ॲक्शन झाली नसती तर आमचा मराठवाडा मोकळा झाला नसता, आणि आईचं पुढच्या वर्षी औरंगाबादेत लग्नही झालं नसतं. तेव्हा सैन्य नकोच, लढाई कधीच नको, असं ती कधी म्हणाली नाही. मीही म्हणणार नाही. गलवानच्या २० जणांची नावं मी त्या वेळी वहीत उतरवून घेतली होती. त्यांच्याही घरी आया आहेत.

पण बांगड्या देणं आणि त्या चिनी सुनेसाठी डोळे पुसणं ही दोन कामं माझ्या आईने दोन्ही हातांनी केली. एका हाताने दुसऱ्याला अडवलं नाही. नातवाला मला एवढंच सांगायचं आहे. ॲप काढलंस, छान केलंस. उद्या देशाला गरज पडली तर तूही जा. पण समोरच्या बाजूलाही कुणीतरी ओट्यावर येऊन पोस्टमनची वाट बघतंय हे विसरू नकोस. ते विसरायला लागलं की मग युद्ध संपलं तरी माणसाच्या आतलं संपत नाही.

सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घराचं २०१२ मध्ये स्मारक झालं. चीनने १९८२ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं, आपण १९९३ मध्ये काढलं. चीनमध्ये त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. दोन सरकारांचं एकमेकांशी कितीही बिनसलं तरी ह्या एका नावावर दोघांनाही हार घालावा लागतो. बंदूक न घेता लढाईत गेलेल्या माणसाची ही कमाई आहे.

नातू गेल्यावर आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "आजी, तुझ्या मामाचं पूर्ण नाव काय होतं?" मी सांगितलं. ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, रंगूनजवळ एक स्मारक आहे. ज्यांचं थडगं नाही अशा जवळजवळ २७ हजार सैनिकांची नावं तिथल्या खांबांवर कोरली आहेत, आणि ती यादी इंटरनेटवर बघता येते. ह्याने बसून शोधली. मामाच्या नावाचे तिघे सापडले. तिघांतला आपला कोणता ते त्या यादीवरून ठरत नव्हतं.

"मग आता?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तिघेही आपलेच धर."

त्याने तिन्ही नावांचा कागद छापून पाठवला आहे. आई-आजीच्या फोटोशेजारी भिंतीला चिकटवलाय. आजी गेली १९७१ साली, आई १९९८ साली. उशीर झाला, पण दारात कुणी तरी आलं. असो.